जादूच्या कादंबरीचं विश्लेषण कसं करावं: ‘किंमत कोण मोजतं?’ या प्रश्नापासून सुरुवात

मुलांसाठी लिहिलेल्या जादूच्या कादंबरीवर लिहायला बसलं की लेखणी बहुतेक वेळा दोनपैकी एका वाटेला लागते. एक तर सगळी गोष्ट थोडक्यात पुन्हा सांगितली जाते आणि लेखकाच्या अफाट कल्पनाशक्तीला दाद देऊन लेख संपतो. नाहीतर तात्पर्य काढलं जातं: गर्वाचं घर खाली, मैत्रीसारखं बळ नाही, शेवटी सत्याचाच जय. ही तात्पर्यं खोटी नसतात, पण ती शंभर पुस्तकांना चिकटवता येतात. जे शंभर पुस्तकांना चिकटतं ते हातातल्या एका पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही.

अशा कादंबरीत शिरायची सर्वात भरवशाची वाट मला एका साध्या प्रश्नातून सापडली: इथे जादू केली की किंमत काय पडते, आणि ती कोण मोजतं? वास्तववादी कादंबरीत वर फेकलेला दगड खाली पडतो, त्यात लेखकाचं मत नसतं. जादूच्या जगात दगड कोणाच्या शब्दाने हवेत थांबतो आणि थांबवणाऱ्याचं पुढे काय होतं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. लेखकाचा विचार त्या ठरवण्यात असतो. पात्रांच्या तोंडची शहाणपणाची वाक्यं नंतर बघितली तरी चालतात.

खालची पद्धत कोणत्याही जादूच्या कादंबरीला लावता येईल. पण इकडची तिकडची उदाहरणं गोळा केली तर पद्धत नीट कळत नाही, म्हणून मुख्यतः एकच पुस्तक धरून चालू या: उर्सुला के. ल ग्विन यांची १९६८ साली आलेली ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’. पुस्तक छोटं आहे, दहाच प्रकरणांचं, आणि त्यातला जादूचा हिशेब विलक्षण चोख आहे. विश्लेषणात शेवटाबद्दल बोलावंच लागतं, तेव्हा ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी आणि मग इकडे यावं.

कथेची तोंडओळख एवढीच. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेल्या बेटांचं जग. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर आई नसलेला, शेळ्या राखणारा एक मुलगा आहे आणि त्याच्यात जादूची प्रचंड ताकद आहे. पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत शिकताना तो ईर्ष्येपोटी मृतांमधल्या एका स्त्रीला बोलावून दाखवतो. त्या वेळी पडलेल्या फटीतून एक सावली जगात शिरते. उरलेली कादंबरी त्याची आणि त्या सावलीची आहे.

पायरी १: पहिल्यांदा हातात पेन्सिल नको

पहिलं वाचन सलग आणि निवांत करा. पुस्तक मिटल्यावर, पुन्हा न उघडता, आठवणारे तीन प्रसंग एका कागदावर लिहून ठेवा. ते महत्त्वाचे असतीलच असं नाही. माझ्या कागदावर अर्थसीच्या बाबतीत एक अगदी बारका प्रसंग आला होता: पावसात झाडाखाली मुकाट झोपणारा म्हातारा जादूगार. तो का आठवला हे तेव्हा कळलं नव्हतं, पुढच्या पायरीत कळलं. हा कागद जपून ठेवा. शेवटी आपला लेख आणि हे तीन प्रसंग यांचा काहीच संबंध उरला नसेल, तर आपण पुस्तकाबद्दल न लिहिता पुस्तकाबद्दलच्या कल्पनांवर लिहिलं असं समजायला हरकत नाही.

पायरी २: जादूची वही

आता खरं काम. दुसऱ्या वाचनाला वही घेऊन बसा आणि पाच रकाने आखा: प्रकरण, जादू कोणी केली, कशासाठी, काय घडलं, किंमत कोणी मोजली. शेवटचा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. तिथे प्रश्नचिन्ह करा. उधारी पुढच्या एखाद्या प्रकरणात वसूल झालेली असते.

अर्थसीतल्या पहिल्याच नोंदीकडे पाहा. सात वर्षांचा मुलगा मावशीच्या तोंडून शेळीला बोलावण्याचा मंत्र ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी, अर्थ न कळता, शेळ्यांसमोर ओरडून म्हणतो. शेळ्या येतात. नुसत्या येत नाहीत, त्याला चहूबाजूंनी घेरतात, पाठ सोडत नाहीत. बोलवायचं कसं हे त्याला कळलं होतं, सोडायचं कसं हे नाही. शेवटी मावशी त्याची सुटका करते. पहिल्या वाचनात हा गमतीदार प्रसंग वाटतो. पण वहीत उतरवताना हात थांबतो, कारण अख्खी कादंबरी लहान आकारात इथेच आहे: अर्थ न कळता काढलेला शब्द, आपणच बोलावलेली आणि मग मागे लागलेली गोष्ट, आणि सोडवायला दुसऱ्या कोणालातरी यावं लागणं.

दुसरी मोठी नोंद: बारा वर्षांचा असताना गावावर हल्ला होतो, तेव्हा हा मुलगा धुकं विणून शत्रूला चकवतो. गाव वाचतं. तो मात्र ताकदीपेक्षा जास्त खर्च करून बसतो, त्याचं बोलणं, खाणं, झोपणं सगळं थांबतं. त्याला बरं करायला ओगिअन येतो, पावसात झोपणारा तोच जादूगार. पुढे तोच त्याला ‘गेड’ हे खरं नाव देतो; खऱ्या नावाचं या जगात काय महत्त्व, ते पुढच्या पायरीत येईल.

तिसरी नोंद: ओगिअनकडे शिकत असताना एका मुलीने डिवचलं म्हणून गेड गुरूच्या ग्रंथात रूप बदलण्याचा मंत्र शोधायला जातो आणि त्याच्या हाती मृतांना बोलावण्याचा मंत्र लागतो. वाचता वाचता अंधार पडतो आणि दाराशी काळोखाचा एक ढीग दिसतो. ओगिअन वेळेवर येऊन त्याला हुसकावतो. किंमत? इथे रकाना जवळजवळ रिकामा राहतो, नुसतं प्रश्नचिन्ह.

चौथी नोंद त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आहे. रोकवर जॅस्पर नावाच्या विद्यार्थ्याशी चढाओढीत गेड तोच प्रकार पूर्ण करतो. सावली सुटते आणि त्याचा चेहरा फाडते. फट बुजवताना वृद्ध महागुरू नेमर्ल आपली सगळी शक्ती खर्चून मरण पावतात. गेड कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो आणि चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. शेवटच्या रकान्यात इथे दोन नावं लिहावी लागतात, आणि पहिलं नाव गेडचं नाही.

अशाच नोंदी पुढे चालू ठेवा: मित्राच्या मरणाऱ्या मुलाला परत आणण्यासाठी गेड मृतांच्या प्रदेशात शिरतो, मूल वाचत नाही आणि तो स्वतःही जेमतेम परततो. ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने बांधतो. जीव वाचवायला ससाणा होऊन इतका वेळ उडतो की माणूसपण विसरायला लागतो.

आता वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी करा: न केलेली जादू. ही यादी कोणी करत नाही आणि म्हणूनच ती सर्वात कामाची ठरते. ओगिअन ढगांना वळवू शकतो, पण पाऊस पडायचा तिथे पडू देतो आणि झाडाखाली झोपतो. ड्रॅगन सावलीचं नाव सांगण्याचं आमिष दाखवतो आणि गेड ते नाकारून बेटांवरच्या लोकांची सुरक्षितता मागून घेतो. रोकची शाळा सोडताना विद्यार्थ्याला द्वारपालाचं खरं नाव शोधावं लागतं. कोणत्याही मंत्राने ते मिळणार नाही हे ओळखून गेड सरळ विचारतो, ‘तुमचं नाव काय?’ आणि द्वारपाल सांगतो. जादूगारांच्या शाळेची शेवटची परीक्षा जादू न करता सुटते.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चित्र दिसू लागतं. या जगात ताकद सिद्ध करायला केलेली जादू महाग पडते, आणि खरे मोठे लोक शक्यतो जादू करत नाहीत. माझ्या कागदावर तो पावसातला म्हातारा का आला होता, ते मला इथे कळलं.

पायरी ३: नियम आपल्या शब्दांत मांडा, मग तो कुठे ताणला जातो ते शोधा

वहीवरून जादूचे नियम दोन-तीन वाक्यांत लिहा. अर्थसीसाठी माझी वाक्यं अशी: प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं, ते ज्याला ठाऊक, त्याची सत्ता त्यावर चालते. जग एका समतोलावर उभं आहे. दिसणं बदलणं सोपं, पण असणं बदललं की तोल हलतो.

नियम पुस्तकात नेमके कुठे सांगितले जातात तेही पाहा. इथे दुसरा नियम शाळेतल्या एका धड्यात येतो: खड्याचा हिरा करून दाखवणारे शिक्षक सांगतात की हा फक्त भास आहे, खडा आतून खडाच आहे, आणि त्याला खरोखर बदलायचं तर अख्ख्या जगात बदल करावा लागेल. गेडचं यावर समाधान होत नाही. नियम वाचकाला सांगितला जातो त्याच क्षणी नायक तो कानाआड करतो, आणि त्यामुळे कोरडी माहिती प्रसंग होऊन जाते.

नियम लिहिल्यावर त्याला ताण द्या. सावलीला नाव आहे का? नेमर्ल यांच्यानंतरचे महागुरू गेन्शर यांच्या मते अशा गोष्टी निनावी असतात. ओगिअन म्हणतो, प्रत्येक गोष्टीला नाव असतं. जाणकारांमध्येच मतभेद! मधेच सावली गेडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि तो क्षणात हतबल होतो. तिला ते नाव कळलं कसं? हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखा आहे. त्याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात मिळतं: ते नाव तिचंही होतं. गेड आणि सावली समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकच नाव उच्चारतात. नियम मोडत नाही, उलट पूर्ण होतो.

ही कसोटी इतर पुस्तकांवरही लावून पाहा. कथेच्या ऐन कठीण क्षणी आधी न सांगितलेली नवीच जादू मदतीला येते, की पहिल्यापासून माहीत असलेला नियमच वेगळ्या बाजूने कामाला येतो? दुसरा प्रकार असेल तर कादंबरीची बांधणी पक्की आहे.

इथे सिद्धान्ताचा थोडा आधार घेण्यासारखा आहे. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ साली ‘अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवणं’ ही कल्पना मांडली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ मधल्या परीकथांवरच्या व्याख्यानात त्याहून पुढे जाऊन म्हटलं की लेखक दुसरं जग उभं करतो आणि वाचक आत असेपर्यंत तिथलं सगळं त्याच्यासाठी खरंच असतं; शंका आली की मोहिनी तुटते आणि मगच अविश्वास मुद्दाम बाजूला ठेवायची वेळ येते. विश्लेषणाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की वाचताना जिथे शंका आली ती जागा खूण करून ठेवायची. तिथे एक तर लेखकाचा नियम सुटलेला असतो, नाहीतर त्याने मुद्दाम आपल्याला अडखळवलेलं असतं. यातलं नेमकं काय, हे सांगणं हेच समीक्षकाचं काम.

तुलनेला एक अगदी वेगळा नियम घ्या. ई. नेस्बिट यांच्या १९०२ सालच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’मध्ये वाळूतला एक प्राचीन प्राणी मुलांच्या इच्छा पूर्ण करतो, पण सूर्य मावळला की सगळं नाहीसं होतं. मुलं सुंदर व्हायची इच्छा करतात आणि घरातलीच माणसं त्यांना न ओळखून घरात घेत नाहीत. सोन्याची नाणी मागतात आणि दुकानदार ती घेत नाहीत. इथेही किंमत आहे, पण ती संध्याकाळपर्यंतचीच. नियमातच क्षमा आहे, म्हणून पुस्तकाचा सूर विनोदी राहतो. अर्थसीत सूर्यास्ताची सोय नाही, व्रण राहतात. दोन पुस्तकांच्या स्वभावातला फरक एका नियमात सापडतो.

पायरी ४: दार कुठे आहे?

ही पायरी छोटी आहे. समीक्षक फारा मेंडलसन यांनी २००८ साली फॅन्टसीचे चार प्रकार केले. एकात पात्र दारातून दुसऱ्या जगात जातं, दुसऱ्यात कथा पहिल्यापासून त्याच जगात घडते, तिसऱ्यात जादू आपल्या ओळखीच्या जगात घुसते आणि चौथ्यात जादू आहे की नाही हेच धूसर राहतं. आपलं पुस्तक कुठे बसतं ते एका वाक्यात ठरवा. अर्थसी दुसऱ्या प्रकारात आणि नेस्बिट यांचं पुस्तक तिसऱ्यात बसतं. यातून एकच गोष्ट पाहायची असते: नवखेपणा कोणाचा, पात्राचा की फक्त वाचकाचा? अर्थसीत जादू कोणालाच नवी नाही, म्हणून आश्चर्याचे उद्गार नाहीत आणि भाषा इतकी शांत राहू शकते. जास्त वेळ इथे घालवू नका. वर्गीकरण म्हणजे विश्लेषण नव्हे.

पायरी ५: प्रकरणांचा सांगाडा

प्रत्येक प्रकरणाचा एका वाक्यात सारांश लिहा आणि तो कागद उभा लावून लांबून बघा. कोणती घटना मध्यावर आहे? कोणत्या दोन प्रकरणांची जोडी जमते?

अर्थसीत सहाव्या प्रकरणाचं नाव ‘हंटेड’ आहे, आठव्याचं ‘हंटिंग’. सहाव्यात सावली गेडच्या मागे, आठव्यात गेड सावलीच्या मागे. मधल्या सातव्यात तो ससाण्याच्या रूपात ओगिअनकडे येऊन पोचतो आणि ओगिअन त्याला सांगतो की पळणं थांबव, मागे वळ, शिकाऱ्याचीच शिकार कर. म्हणजे कादंबरीचं वळण कोणत्याही लढाईत नाही. ते एका घरात, गुरूच्या शेकोटीपाशी, दिशा बदलण्याच्या एका सल्ल्यात आहे. आणि ओगिअन सल्ला देतो, हुकूम देत नाही. सकाळपर्यंत गेड निघूनही गेलेला असतो.

सांगाड्यात काय नाही तेही पाहा. जॅस्परचा सूड नाही, त्याची माफी नाही, त्याला धडा शिकवणारा प्रसंग नाही. चौथ्या प्रकरणानंतर तो कथेतून जवळजवळ निघूनच जातो. शाळेतल्या खलनायकाला शेवटी हरवायचं असतं या आपल्या अपेक्षेला पुस्तक दाद देत नाही, कारण त्याच्या लेखी गेडचा शत्रू जॅस्पर नव्हताच.

पायरी ६: निवेदकाला किती ठाऊक आहे?

मुलांच्या कादंबरीत निवेदक कोण आहे आणि तो मुलांशी कोणत्या सुरात बोलतो हे फार मोलाचं असतं. तो वाकून, कुरवाळून बोलतो का? मोठ्यांकडे बघून मुलांच्या डोक्यावरून डोळे मिचकावतो का? की मुलांना आपल्या बरोबरीचं समजतो?

अर्थसीचा निवेदक पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो की हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा आणि महागुरू होणार आहे, त्याच्यावर गाणी रचली जाणार आहेत. ही कथा मात्र त्या कीर्तीच्या आधीची. म्हणजे तो मरणार नाही हे पहिल्या पानावरच कळतं. मग भीती कशाची उरते? ‘जगेल का’ हा प्रश्न बाजूला होऊन ‘कोण होऊन जगेल’ हा प्रश्न पुढे येतो. पुस्तकाच्या शेवटी निवेदक पुन्हा गाण्यांचा विषय काढतो आणि सांगतो की गेडच्या पराक्रमांच्या काव्यात या सफरीचा उल्लेखच नाही. सुरुवातीला गाण्यांच्या आधीची गोष्ट, शेवटी गाण्यांबाहेरची गोष्ट. नायकाचं सर्वात मोठं काम कोणी गायलं नाही, आणि ते फक्त आपल्याला सांगितलं गेलं. हा वाचणाऱ्या मुलावर टाकलेला केवढा मोठा विश्वास आहे!

तुमच्या पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान असंच शेजारी ठेवून वाचा. या एका कृतीतून निवेदकाबद्दल जितकं कळतं तितकं मधल्या दोनशे पानांतून कळत नाही.

पायरी ७: मोठ्याने वाचा

जादूच्या कादंबरीत शब्द हेच हत्यार असतं, म्हणून भाषा कानाने तपासावी. एखादं पान मोठ्याने वाचा. वाक्यं कुठे लांबतात, कुठे तुटतात? मंत्र प्रत्यक्ष दिलेत की फक्त त्यांचं वर्णन आहे? ल ग्विन मंत्र क्वचितच देतात; मंत्राच्या आधीची आणि नंतरची शांतता देतात.

अनुवाद वाचत असाल तर विशेषनामांकडे लक्ष द्या. गेडचं रोजच्या वापरातलं नाव ‘स्पॅरोहॉक’, म्हणजे ससाण्यासारखा एक छोटा शिकारी पक्षी. हे नाव अनुवादात तसंच ठेवलं तर सातव्या प्रकरणात तो ससाणा होऊन स्वतःला हरवत जातो, तेव्हा नाव आणि घटना यांचा धागा कानाला लागत नाही. नाव अनुवादित केलं तर धागा राहतो, पण परक्या बेटाचा वास जातो. अनुवादकाने काय निवडलं आणि त्याने काय हरवलं, यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिता येतो.

पायरी ८: प्रतीकं सगळ्यात शेवटी

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि फसतात. सावली दिसली की लगेच मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं नाव लिहायचं, मनाच्या नाकारलेल्या भागाबद्दल दोन वाक्यं टाकायची आणि मोकळं व्हायचं. युंगचा विचार इथे लागू पडत नाही असं नाही. पण लेबल लावल्यावर आपण पाहणं थांबवतो, आणि ते मला परवडत नाही.

आधी पुस्तकात ती वस्तू किती रूपांत येते ते मोजा. ‘सावली’ अर्थसीत दाराशी काळा ढीग म्हणून येते, गेडला रोकला नेणाऱ्या जहाजाचं नाव म्हणून येते, शाळेच्या दारातून आत जाताना त्याच्या मागोमाग सरकल्याचा भास होऊन येते, मग एका माणसाचं शरीर पांघरून, आणि शेवटी गेडच्या आयुष्यातल्या माणसांचे चेहरे घेत घेत. म्हणजे रोकवर सुटण्याआधीच ती तीनदा येऊन गेली आहे. हे पाहिल्यावर ‘गेडने सावली निर्माण केली’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. ती आधीपासून बरोबर होती का? युंग आणायचा असेल तर या प्रश्नाच्या उत्तरासाठी आणा.

पायरी ९: पुस्तकाला न दिसलेलं

आवडत्या पुस्तकाला अवघड प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी नव्हे. अर्थसीत बेटांवरची बहुतेक माणसं तांबूस-तपकिरी किंवा काळ्या वर्णाची आहेत, गेडही तपकिरी आहे आणि त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा. गोरे आहेत ते गावावर चालून आलेले हल्लेखोर. १९६८ साली इंग्रजीतल्या मुलांच्या फॅन्टसीत हे सहज दिसणारं चित्र नव्हतं, आणि लेखिका त्याचा गाजावाजा न करता जाता जाता सांगते.

पण त्याच जगात रोकची शाळा फक्त मुलग्यांची आहे. गाँट बेटावर बायकांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट ठरवणारी म्हण आहे. गेडला पहिला मंत्र मावशीकडून मिळतो, आणि पुस्तक तिला अर्धवट, गावठी विद्येची बाई म्हणून मागे सोडून जातं. विशेष हे की ल ग्विन यांनी पुढे १९९० साली ‘तेहानू’ लिहून याच जगाकडे एका प्रौढ स्त्रीच्या आणि भाजलेल्या एका मुलीच्या बाजूने पुन्हा पाहिलं. जादूच्या वहीत आणखी एक रकाना वाढवून बघा: ही जादू करण्याची परवानगी कोणाला आहे? मुलांच्या पुस्तकांत हा रकाना बऱ्याचदा धक्का देतो.

पायरी १०: विधान घडवा, मग त्यावर स्वतःच हल्ला करा

आता लिखाण. लेखाला एक मुख्य विधान लागतं आणि ते पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही. माझं या पुस्तकावरचं विधान कसं बदलत गेलं ते दाखवणं बरं.

पहिला खर्डा: ‘या कादंबरीत गर्वाचे दुष्परिणाम दाखवले आहेत.’ हे तात्पर्य झालं, खोडलं.

दुसरा: ‘या कादंबरीत प्रत्येक मोठ्या जादूची किंमत जादू करणाऱ्याऐवजी दुसऱ्यालाच मोजावी लागते.’ हे वहीतून आलेलं होतं, म्हणून बरं वाटलं. पण वहीनेच ते पाडलं. धुकं विणताना गेडने स्वतःच किंमत मोजली होती. मरणाऱ्या मुलाच्या मागे गेला तेव्हाही स्वतःच. विधानाला न जुमानणाऱ्या या दोन नोंदी लपवता आल्या असत्या. तसं करायचं नाही. आपल्या विधानाच्या आड येणाऱ्या नोंदीच पुढची दिशा दाखवतात.

तिसरा: ‘दुसऱ्यासाठी केलेल्या जादूची किंमत गेड स्वतः भरतो, ईर्ष्येतून केलेल्या जादूची आधी दुसरे भरतात, आणि ती जुनी थकबाकी अखेर स्वतःच्या नावावर घेणं हीच या कादंबरीची गोष्ट आहे.’ हे लिहिताना ‘नावावर’ या शब्दापाशी मी थांबले. शेवटच्या प्रकरणात गेड सावलीला अक्षरशः आपलं नाव देतो. आपल्या भाषेत कर्ज एखाद्याच्या नावावर असतं, आणि इथे कर्ज आणि नाव एकाच शब्दात येऊन मिळतात. मूळ पुस्तकात हा श्लेष नाही, तेव्हा तो लेखिकेच्या पदरात घालायचा नाही. पण मराठीतून वाचणाऱ्याला पुस्तकाचा गाभा असा पटकन दिसत असेल, तर ते मराठी वाचन म्हणून लेखात जरूर यावं.

विधान ठरल्यावर परिच्छेदांची रचना अवघड नसते. प्रत्येक परिच्छेदात एक नोंद घ्या, प्रसंग दोन-तीन वाक्यांत सांगा आणि त्याच्या दुप्पट जागा त्या प्रसंगातल्या बारकाव्याला द्या. कथा किती सांगितली आणि त्यावर किती बोललो हे दोन रंगांनी खुणा करून पाहा. कथेचा रंग जास्त दिसला तर कात्री चालवा. ‘अप्रतिम’, ‘जादुई’, ‘खिळवून ठेवणारी’ ही विशेषणं शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी ते वाटायला लावणारी गोष्ट लिहा. ‘खिळवून ठेवणारा शेवट’ असं म्हणण्यापेक्षा होडीखालचं पाणी वाळू होत जातं आणि गेड त्यावर उतरून चालू लागतो, एवढं सांगितलं तरी पुरतं.

सगळं झाल्यावर लेख एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवा, जिने हे पुस्तक वाचलं आहे. मुलं पुस्तकातले तपशील मोठ्यांपेक्षा पक्के लक्षात ठेवतात. ‘असं नाहीये त्यात’ हे शब्द ऐकू आले तर वाद न घालता पुस्तक मागून घ्या आणि ते पान दोघांनी मिळून काढा.